साडेतीन सूत

आमच्या वखारीत करवत मागायला जाणं हे एखाद्याच्या घरी मुलगी मागायला जाण्याइतकंच अवघड होतं. मुलीचा बाप निदान चहा तरी विचारतो. मिस्त्री आधी दोन्ही हात पुढे करायला सांगायचे. दहा बोटं नीट मोजून झाली की मग प्रश्न सुरू. लाकूड कुठलं? ओलं की सुकं? घेर किती? झाड उभं आहे की आडवं पडलंय? पलीकडच्या बाजूला काय आहे, भिंत की मोकळं? ओढणारे दोघं सारख्या उंचीचे आहेत का? यातल्या एका जरी प्रश्नाला माणूस "असेल काहीतरी" म्हणाला, तर मिस्त्री आपल्या स्टुलावर जाऊन बसत आणि कानस उचलत. मुलाखत संपली, असा त्याचा अर्थ.

पनवेलात तेव्हा बैलगाडीची चाकं बनत होती, खाडीत लाकडाची गलबतं येत होती, आणि लाकूड इंचात मोजायचं की सेंटिमीटरात, यावरून सरकारी माणसं आणि आम्ही यांच्यात नुकतीच कुरबुर सुरू झाली होती. बंदराजवळच्या एका वखारीत मी कारकून होतो. ओंडक्यांचे घेर लिहून घेणं आणि मुंबईला पत्रं पाठवणं हे माझं काम. माझ्या टेबलाशेजारच्या खोलीत सगळी हत्यारं असत आणि त्या खोलीचे मालक मिस्त्री होते. म्हणजे कागदोपत्री मालक शेठच. पण शेठनाही तिथे चपला काढून जावं लागे. जमिनीवर पडलेला लोखंडाचा कीस चपलेच्या तळव्यात रुतला की तो घरभर जातो आणि बायकापोरांच्या पायात भरतो, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. ते खरंही होतं, म्हणून कोणाला वाद घालता येत नसे.

ते मूळचे सुतार. पण लाकडाला हात लावायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. करवतींना धार लावायची, दात एक डावीकडे आणि एक उजवीकडे वाकवायचे, आणि कोणत्या कामाला कोणती करवत हे ठरवायचं, एवढंच करत. साठीला आलेले, अंगाने काडी, डोक्याला काळी टोपी आणि गळ्यात ऐन वैशाखातसुद्धा मफलर. कानस चालवताना एक डोळा मिटायची सवय इतकी मुरली होती की बोलतानाही तो मिटलेलाच असे. नवीन माणसाला वाटे, हे आपल्याला डोळा मारताहेत. एकदा एका फॉरेस्ट गार्डाने त्याचा भलताच अर्थ घेतला होता, पण ते जाऊ दे.

खिशात नेहमी एक सुतळी. तिला वीतभर अंतरावर गाठी. टेप त्यांना चालत नसे. टेप लाकडाला मिठी मारत नाही, म्हणायचे. रस्त्याने जाताना एखादं झाड आवडलं की सुतळी काढून घेर घ्यायचे आणि स्वतःशीच मान हलवून पुढे चालू लागायचे. ते झाड तोडायचं असे असं मुळीच नाही. आपल्या ओळखीच्या माणसाची आपण चौकशी करतो, तसंच ते होतं.

एका हायस्कुलातले मास्तर एकदा शेवग्याची फांदी कापायला करवत मागायला आले. त्यांना घेर सांगता आला नाही. मिस्त्रींनी कानस खाली ठेवली, मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेले, फांदी पाहिली, सुतळीने मोजली आणि सांगितलं, या फांदीने तुमचं काही बिघडवलेलं नाही. मास्तर म्हणाले, खिडकीत अंधार येतो. मिस्त्रींनी त्यांना खिडकीतला पडदा काढायला सांगितलं आणि परत आले. मास्तरांनी पुढे वर्षभर माझ्याकडे या गोष्टीची तक्रार केली. शेवग्याच्या शेंगा मात्र ते आम्हा दोघांनाही पाठवत.

भुसा हा मिस्त्रींचा दुसरा छंद. कापणी चालू असताना ते जवळ जाऊन ओंडक्याखालचा भुसा चिमटीत घ्यायचे. भुसा पिठासारखा निघाला की दात बोथट. चुरचुरीत तुकडे निघाले की धार बरोबर. लाकडाला विचारायचं सोडून लोक मला विचारतात, अशी त्यांची कायमची कुरकुर. माझं नवीन लग्न झालं तेव्हा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. पानात काकडीची कोशिंबीर पाहून ते थबकले. बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिले. "सूनबाई," ते माझ्या बायकोला म्हणाले, "ही काकडी चिरलेली नाही, चिरडलेली आहे. विळी आण." पान वाढलेलं तसंच ठेवून त्यांनी विळीला धार लावली, आणि मगच जेवले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विळीने कोबी चिरताना म्हणाली, तुमच्या मिस्त्रींना दर महिन्याला जेवायला बोलावत जा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर धाकट्या शेठनी यंत्राची करवत आणली.

धाकटे शेठ म्हणजे आमच्या शेठचे चिरंजीव. मोठे शेठ थकल्यावर वखार तेच पाहत. माणूस वाईट नव्हता; त्यांना नवं ते सगळं आवडे आणि मोठं ते त्याहून आवडे. कर्नाळ्याकडच्या रस्त्याचं काम करणारा एक कंत्राटदार गाशा गुंडाळून निघाला होता. त्याच्याकडून त्यांनी एक पेटी उचलली. पेटीत पेट्रोलवर चालणारं एक परदेशी यंत्र, तीन लोखंडी पाती आणि एकमेकींत गुंतलेल्या साखळ्या. पाती सोळा इंची, अठ्ठावीस इंची आणि छत्तीस इंची. बरोबरचं पुस्तक कुठल्यातरी भाषेत होतं. इंग्रजी नव्हती एवढं मी सांगू शकलो.

धाकट्या शेठनी अर्थातच छत्तीस इंची पातं चढवलं, हाताला आली ती साखळी त्यावर घातली आणि अंगणात यंत्र चालू केलं. आवाज इतका झाला की बंदरावरचे बैल बुजले. साखळी एकदा फिरली, दुसऱ्यांदा खडखडली आणि तिसऱ्यांदा निसटून लोंबायला लागली. त्या दिवसापासून करवतकामाचे गडी त्या यंत्राला भुंगा म्हणू लागले. मिस्त्री लांब उभे राहून पाहत होते. संध्याकाळी त्यांनी पेटी आपल्या खोलीत नेली आणि दार ओढून घेतलं.

आठ दिवस ते त्या पेटीपुढे बसले. नवव्या दिवशी मला बोलावलं. साखळ्या सुट्या करून ओळीने मांडल्या होत्या. त्यांनी मला यंत्राच्या पोटातलं दातेरी चाक दाखवलं. साखळी या चाकावरून फिरते. चाकाचे दात ज्या अंतरावर आहेत त्याच अंतराच्या साखळीच्या कड्या हव्यात, नाहीतर साखळी दातांवर चढून बसते. आता हे अंतर मोजायचं कसं? साखळीचे दोन शेजारचे खिळे मोजून भागत नाही, कारण खिळ्याखिळ्यांतलं अंतर सारखं नसतं. एक आखूड, एक लांब. म्हणून तीन खिळे घ्यायचे. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं, आणि दोनाने भागायचं.

"मोज," ते म्हणाले.

मी पट्टी लावली. सात सूत भरलं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. सात भागिले दोन, साडेतीन. आमच्या यंत्राचं माप साडेतीन सूत. पुस्तक वाचता न येणाऱ्या माणसाने ते बोटांनी वाचून काढलं होतं. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी म्हणालोही. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला दुसरी साखळी मोजायला दिली.

पुढे तो एक ताप झाला. खोलीत जो येईल त्याला ते तीन खिळे मोजायला लावत. गडी, गाडीवान, एकदा तर पोस्टमनसुद्धा. गड्यांनी त्यांचं नावच 'तीन खिळे' पाडलं. आणि पात्याच्या लांबीवरून धाकट्या शेठशी रोज तंटा. शेठना गिऱ्हाइकांपुढे छत्तीस इंची मिरवायचं असे. मिस्त्रींचं म्हणणं, एवढं पातं ओढायची यंत्राच्या अंगात ताकद नाही. लाकडाच्या जाडीपेक्षा पातं दोन-चार बोटं जास्त असलं की पुरे. आणि दोन्ही बाजूंनी कापता येत असेल तर कमी असलं तरी चालतं. साखळीचं माप चाक ठरवतं, पण पात्याची लांबी लाकूड आणि जागा मिळून ठरवतात. लाकूड सगळे बघतात, जागा कोणी बघत नाही, असं ते म्हणत. शेवटी तडजोड झाली. रोजच्या कामाला अठ्ठावीस इंची, बारीकसारीक कामाला सोळा इंची, आणि छत्तीस इंची दर्शनी भिंतीवर.

त्यातली सोळा इंचीची साखळी कर्नाळ्याला आम्ही घेतलेल्या झाडतोडीच्या कामावर वाया गेली. झाडाच्या बेचक्यात कोणीतरी कधीकाळी बसवलेला दगड होता, त्यात ती घुसली आणि तिचे दात गेले. ती निकामी साखळी मिस्त्रींनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली. नवी मागवायची वेळ आली की नमुन्याला उपयोगी पडेल म्हणाले.

आणि ती वेळ आलीच. आषाढी अमावास्येच्या उधाणात बंदरावर बांधून ठेवलेल्या आमच्या ओंडक्यांपैकी एकाचा दोर तुटला. सागाचा ओंडका, दोन फूट जाड, वीस फूट लांब. तो खाडीने नेला. आम्हाला वाटलं, गेला समुद्रात. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीपलीकडच्या गावातून एक बाई भिजत वखारीत आली. जनाबाय. पन्नाशीची, विधवा. त्यांच्या गावाच्या बांधावरची उघाडी सांभाळण्याचं काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर तिने ते चालू ठेवलं होतं. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात एक दगडी चौकट आणि तिच्यात वरखाली होणारी जाड फळी. ओहोटीला फळी उचलायची, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला पाडायची, खाडीचं खारं पाणी शेतात येत नाही. सबंध गावाचं भात त्या एका फळीवर.

"तुमचा ओंडा आमच्या उघाडीत बसलाय," ती म्हणाली. "फळी फुटली. नवी फळी आमी करू, पन ती पडंल कशी? कालचं उधान उतरलं, आता भांगाचं पानी येल, कमी चढंल. पुनवेला उधान आलं का खारं पानी शेतात. लावनी झालेली हाय आमची. तीन वरसं मग तिथं काय पिकाचा नाय."

ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने फक्त पौर्णिमेपर्यंतचे दिवस बोटांवर मोजून दाखवले. चौदा.

धाकटे शेठ म्हणाले, भुंगा घेऊन जा आणि कापून टाका. मिस्त्री म्हणाले, आधी जागा बघतो. ते सुतळी घेऊन जनाबायबरोबर गेले आणि संध्याकाळी गुडघाभर चिखल घेऊन परत आले. ओंडका तिरपा होऊन चौकटीत पाचरीसारखा बसला होता. दोन माणसांची करवत तिथे चालणार नव्हती, कारण मागेपुढे ओढायला दोन्ही बाजूंना दगडी भिंत. गावकऱ्यांनी कुऱ्हाड चालवून पाहिली होती. पाण्यात उभं राहून वीतभरसुद्धा खाच पडली नव्हती. अठ्ठावीस इंची पातं घातलं तर ते ओंडक्यापलीकडे जाऊन दगडावर आपटणार. मागे जागा फक्त तीन बोटं. "सोळा इंची," मिस्त्री म्हणाले. "आधी डावीकडून, मग उजवीकडून." पण सोळा इंचीला साखळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला की गावातली माणसं ओंडक्याला दोर बांधून बैलांनी ओढणार आहेत. तसं केलं असतं तर ओंडक्याबरोबर चौकटीचे दगड उपटून आले असते आणि मग फळी बसवायला काही उरलं नसतं. मिस्त्री त्यांना अडवायला धावले. जाता जाता मला सांगून गेले, मुंबईला पत्र टाक. कड्या मी मोजल्यात, पन्नास. माप तू घे. तीन खिळे. आणि दुपारचं टपाल चुकवू नकोस.

मी पत्र लिहिलं. कड्या पन्नास, माप अर्धा इंच. पाऊस कोसळत होता. पत्र वेळेवर टपालात पडलं.

साखळी यायला दहा-बारा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मिस्त्री रोज ओहोटीला उघाडीवर जात. काय करत तिथे, देव जाणे. जनाबायने मला नंतर सांगितलं की ते ओंडक्यावर बसून राहत आणि भिंतीपर्यंतचं अंतर पुन्हा पुन्हा मोजत. एक दिवस तिने त्यांना भाकरी दिली तर भाकरी चांगली थापल्याबद्दल त्यांनी तिची तारीफ केली. काठ आणि मध्य सारखाच जाड आहे म्हणाले.

साखळी आली ती चतुर्दशीच्या दुपारी, ठाण्यावरून फिरून येणाऱ्या मोटारीने. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. मिस्त्रींनी पार्सल फोडलं, साखळी पात्यावर घातली, हाताने फिरवली. चाकावर आली आणि अडली. पुन्हा फिरवली. पुन्हा अडली. दातांवर चढून बसत होती.

त्यांनी पट्टी घेतली. तीन खिळे मोजले. आठ सूत. भागिले दोन, चार. भिंतीवरची जुनी साखळी काढून मोजली. सात. साडेतीन. मग माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते, हे मला अजून आठवतं. 

"दोन खिळ्यांतलं मोजलंस," ते म्हणाले. "लांब बाजूचं. तिथे चार सूतच भरतं."

मी खाली पाहिलं. त्यांना तेवढं उत्तर पुरलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले आणि अठ्ठावीस इंचीची चांगली साखळी खुंटीवरून काढून ऐरणीवर ठेवली. ती साडेतीन सुताचीच होती, फक्त लांब होती. छत्तीस इंचीची दर्शनी भिंतीवर गंजून गेली होती. जास्तीच्या कड्या तोडून ती सोळा इंचीला बसवता आली असती. पण कर्नाळ्याचं सगळं काम त्या एका साखळीवर चाललं होतं, आणि ती तोडायची परवानगी धाकट्या शेठनी कधीच दिली नसती. ते त्या दिवशी पुण्याला गेलेले होते.

"शेठना काय सांगायचं?" मी विचारलं.

"शेठचं भात नाही तिथे," मिस्त्री म्हणाले, आणि छिन्नीवर हातोडा मारला.

पन्नास कड्या मोजून त्यांनी साखळी तोडली. निकामी साखळीतून जोडाच्या पट्ट्या काढल्या, खिळे कानशीने घासून घातले आणि त्यांची डोकी हळूहळू ठोकून पसरवली. तो जोड धावत्या साखळीत तुटला तर समोरच्याचं तोंड फोडून जाईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दिवेलागणीला काम संपलं. उद्या यंत्र मीच धरणार, म्हणाले. मी म्हणालो, तुमचं वय झालं, गडी धरेल. त्यांनी विचारलं, जोड कोणी मारला? 

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही उजाडताना बांधावर होतो. सबंध गाव जमलं होतं. बांधाच्या एका बाजूला ओसरलेल्या खाडीचा चिखल, दुसऱ्या बाजूला नुकतीच मूळ धरलेली भाताची रोपं. एवढी हिरवी की बघवत नव्हती, निदान मला तरी. मिस्त्री ओंडक्यावर उभे राहिले, मफलर डोक्याला घट्ट बांधला आणि सगळ्यांना दहा हात मागे सरायला लावलं. मला मात्र जवळ उभं केलं, भुसा बघायला.

भुंगा सुरू झाला. पहिल्यांदा पीठ निघालं. मी ओरडून सांगितलं. ते थांबले, कानस काढली, तिथेच ओंडक्यावर बसून दात घासू लागले. बांधावरची माणसं कासावीस झाली. पाणी फिरायला दोन तास उरले होते आणि हा म्हातारा कानस चालवत होता. पुन्हा सुरू केलं तेव्हा भुशाचे मोठे मोठे तुकडे माझ्या पायावर पडायला लागले. डावी बाजू झाली. उजव्या बाजूला गेले. मध्येच ओंडका दबून पातं पकडलं गेलं. पाचर ठोकून ते सोडवलं. तोवर पाणी फिरलं होतं. आधी घोटे भिजले, मग पोटऱ्या. पात्याचं टोक ओंडक्याच्या पोटातच फिरत होतं, दगडाला एकदाही टेकलं नाही. जोडही तुटला नाही. अखेर कड् असा एक आवाज झाला, ओंडका दुभंगला, आणि बाहेरचा तुकडा कुशीवर वळला. सहा माणसांनी पहारी लावून आतला तुकडा वळवला आणि शेताच्या बाजूला ढकलला. जनाबायने फळी सोडली. ती खाचेतून खाली जाताना जो आवाज झाला, तो ऐकून ती बाई मटकन बांधावर बसली आणि रडायला लागली. मलाही रडू आलं, पण माझं कारण वेगळं होतं.

दुपारी उधाण आलं. खाडी फुगून फळीच्या वरच्या काठाला चार बोटं कमी इतकी चढली आणि तिथेच थांबली. आतल्या बाजूला रोपं वाऱ्याने हलत होती. नारळी पौर्णिमा असल्याने गावाने पाण्यात नारळ सोडला. जनाबायने वेलीवरची एक काकडी आणून मिस्त्रींच्या हातात ठेवली. त्यांनी खिशातला चाकू काढून तिच्या चकत्या केल्या आणि एक मला दिली. ती मी न खाता खिशात टाकली.

धाकटे शेठ दोन दिवसांनी आले. साखळी तोडलेली पाहिली, न बसणारी नवी साखळी पाहिली, आणि पत्राची नक्कल हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. चूक करणाऱ्याला आज वखारीतून घालवणार, असं ते दारातूनच बोलत आले होते. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि ही नोकरी मला फार खटपटीने मिळाली होती.

"हे माप कोणी दिलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं की नव्हतं, हे आता सांगता येत नाही. मागच्या खोलीच्या दारातून आवाज आला.

"मी दिलं. त्याने मी सांगितलं तसं लिहिलं."

शेठ हसायला लागले. मिस्त्रींना घालवणं शक्य नव्हतं. त्यांच्यासारखी धार लावणारा पनवेलात दुसरा नव्हता. पण ते हसणं घालवण्याहून वाईट होतं. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शेठ ती गोष्ट रंगवून सांगू लागले: सगळ्या गावाला तीन खिळे मोजायला लावणारे आमचे मिस्त्री स्वतः अर्ध्या सुताने चुकले. गडीही धीट झाले. मिस्त्रींनी घेर विचारला की एखादा म्हणे, तुम्ही सांगता की मी मोजून आणू? उघाडीची गोष्ट कोणी सांगत नसे. शेतात पाणी शिरलं नाही, ही काही सांगायची गोष्ट होत नाही.

मिस्त्रींनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. फक्त हळूहळू त्यांनी विचारायचं बंद केलं. दोन-तीन महिन्यांत अशी वेळ आली की आमच्या वखारीत करवत मागितली की मिळू लागली. कोणीही यावं, हवी ती न्यावी. मी शेजारच्या टेबलावर बसून ते पाहत होतो. खरं सांगायला रोजचा दिवस मोकळा होता, आणि रोज मी तो दुसऱ्या कशात तरी घालवला.

पुढे मला ठाण्याला नोकरी लागली. मिस्त्रींनीही वखार सोडली. ते मुलीकडे सुकापूरला राहायला गेले. तेव्हा ते लहानसं खेडं होतं. पाच-सहा वर्षांनी एका रविवारी मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. आता पोटात ठेवायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. ते ओटीवर बसले होते. लोखंडाच्या किसाने डोळे अधू झाले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, बायकोची चौकशी केली, मग विळीची. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, मिस्त्री, त्या साखळीचं मला सांगायचंय.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते सोड," ते म्हणाले. "तू मोजलं होतंस. चुकीचं मोजलंस, पण उठून, पट्टी लावून मोजलंस ना? मोजणारा चुकतो, त्याला शिकवता येतं. नुसत्या अंदाजाने लिहिलं असतंस, तर शेठला मी तुझंच नाव सांगितलं असतं."

मग खिशात हात घालून त्यांनी गाठींची सुतळी काढली आणि माझ्या हातात ठेवली. आता मला दिसत नाही, म्हणाले, आणि तुझ्याशिवाय देण्यासारखं कोणी नाही. मी ती घेतली. चहा संपवला, त्यांच्या पाया पडलो आणि ठाण्याच्या गाडीसाठी पनवेलची वाट धरली. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

सुतळी माझ्या कपाटात आहे. तिने मी आजवर काहीही मोजलेलं नाही. त्या सकाळी पाऊस कोसळत होता आणि जुनी साखळी माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर भिंतीला टांगलेली होती. मी बसल्या जागेवरून तिच्याकडे पाहिलं आणि अर्धा इंच असं लिहिलं. मला उठायचा कंटाळा आला होता.